आधी कोजी, मग अ‍ॅड्रेनलिन

जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांच्याबद्दल कुणी कुणी म्हणतं की ते मूळचे संशोधक, अ‍ॅड्रेनलिन (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतलं संप्रेरक) सापडल्यावर धंद्यात शिरले. क्रम उलटा आहे. १८८७ मध्येच ते टोकियोत कृत्रिम खतांची कंपनी उभी करण्यात होते. अ‍ॅड्रेनलिनचे स्फटिक मिळाले १९०० साली, आणि तेही मुख्यतः त्यांचा सहाय्यक केइझो उएनाका याच्या हातून (त्याचं नाव अशा चर्चांत नेहमी गळतं).

मधली गोष्ट मला जास्त रंजक वाटते. ताकामिनेंच्या आईचं माहेर साके (तांदळाची जपानी दारू) बनवणाऱ्यांचं, त्यामुळे भातावर वाढवलेली कोजी बुरशी घरातलीच. व्हिस्की बनवताना धान्यातल्या स्टार्चची साखर करायला बार्लीच्या माल्टऐवजी (मोड आणून वाळवलेले दाणे) ही कोजी वापरायची, असा बेत घेऊन ते १८९० मध्ये अमेरिकेत गेले आणि पुढे पिओरिया शहरात पोचले. माल्टवाले अर्थातच खवळले, त्यात कारखान्याला आग लागली, बेत फसला. पण गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवून त्यातलं स्टार्च पचवणारं एन्झाइम वेगळं काढायची रीत हाती होती. तेच 'टाका-डायस्टेज' म्हणून पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीने पचनाचं औषध म्हणून विकलं. जपानात ते विकायला सांक्यो ही पेढी निघाली, आणि १९१३ मध्ये ती रीतसर कंपनी झाल्यावर पहिले अध्यक्ष ताकामिनेच.

घरात जेवणानंतर घ्यायचं पाचक सिरप असेल तर लेबल वाचा. 'फंगल डायस्टेज' लिहिलेलं बहुधा सापडेल. ते याच अ‍ॅस्परजिलस ओरायझी बुरशीचं. आमच्याकडची बाटली आत्ताच पाहून आलो, आहे!