४८के स्पेक्ट्रमवर मराठी कोड्यांचा खेळ: ‘दार उघड’ लिहिलं की दोरी समोर येते

कोपरी_४८के:
झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या जुन्या घरगुती संगणकासाठी त्याच्या बेसिक भाषेत मजकुरी साहसखेळ लिहितोय. काळ १५ एप्रिल १८५३ ची रात्र. दुसऱ्या दिवशी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला यायची आहे. स्टेशन, मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, किल्ला, खाडी धरून ६० जागा. खेळणारा रोमन अक्षरांत आज्ञा टाइप करतो, उत्तर देवनागरीत हवं.

इंग्रजी खेळांसारखा पहिला शब्द क्रियापद धरला, तर ‘दिवा उचल’ला खेळ ‘कळलं नाही’ म्हणतो. ‘चावी’ जो तो वेगळ्या स्पेलिंगनं लिहितो, म्हणून स्वर गाळून पाहिले. आता दार आणि दोरी एकच झाले. देवनागरीसाठी २१ यूडीजी (आपण स्वतः आखायची अक्षरं) कुठेच पुरत नाहीत. आणि वर्णनं डेटा ओळींतून डिम ए$(६०,४००) या तक्त्यात (अ‍ॅरेत) भरतो, तर चाळिसाव्या जागेनंतर डिमच्या ओळीवर ‘४ आउट ऑफ मेमरी’. कुठून सुरुवात करू?

पारसिक_बोगदा:
स्वर गाळायची कल्पना सोडू नका, मराठीसाठी तीच योग्य आहे. आपलं सामान्यरूप बहुतेक वेळा स्वर आणि ‘य’ एवढंच बदलतं. दिवा, दिव्याने, दिव्यात: स्वर आणि वाय काढा, प्रत्येकाच्या सुरुवातीला द-व उरतं. विभक्तीचा मोठा भाग फुकट सुटतो.

नियम असे ठेवा. एच गाळायचा, म्हणजे च, छ, श, स यांच्या स्पेलिंगचा घोळ मिटतो. डब्ल्यूचा व्ही, झेडचा जे, एफचा पी करायचा. पण शब्दाचं पहिलं अक्षर स्वर असलं तरी कधीही गाळू नका. नाहीतर ‘उचल’ आणि ‘चाल’ दोन्ही च-ल होतात, आणि दिवा उचलायला गेलेला माणूस चालायला लागतो.

क्रियापद शेवटचा शब्द. आधी ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटा, मग मागून पहिली मोकळी जागा शोधा. छाटणी विसरलात तर शेवटचा शब्द रिकामा येतो. क्रियापद पूर्ण जुळलं पाहिजे, कारण ‘जा’चा नुसता ज उरतो आणि ‘जाळ’ही ज-नेच सुरू होतं. नाम मात्र सुरुवातीपुरतं जुळवा आणि यादीत लांब सांगाडा, म्हणजे गाळून उरलेली अक्षरं, आधी ठेवा. देवळात म्हणजे द-व-ळ-त. यादीत दिवा आधी आला तर देऊळ कधीच सापडणार नाही. ‘देऊळ’ आणि ‘देवळा’ हे दोन्ही सांगाडे लिहा, इथे व नव्यानं येतो. पाऊस-पावसात तेच.

सांगाडा जुळल्यावर मागे ‘न’ हे अक्षर उरलं तर ते साधन: ‘चावीने कवाड उघड’.

दार-दोरीवर मात्र प्रोग्रॅमचा इलाज नाही, शब्द बदला. १८५३ च्या ठाण्यात कवाड शोभतंही. पहिल्या गाडीची तिन्ही इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान, कोड्यात घेतलीत तर चिंता नको, तिघांचे सांगाडे वेगळे आहेत.

वाशी_पिक्सेल:
यूडीजी विसरा, अख्खा अक्षरसंच बदला. ८ पिक्सेल उंचीत शिरोरेषा, वेलांटी आणि उकार बसवले की क आणि फ ओळखू येत नाहीत. अक्षर ८ रुंद, १६ उंच करा: वरच्या ४ ओळी मात्रा-वेलांटी-अनुस्वाराला, पाचवी शिरोरेषा, पुढच्या ८ अंगाला, शेवटच्या ३ उकाराला. पडद्यावर ११ ओळी मिळतात. कान्याला वेगळं घर जातं, तेव्हा ३२ घरांत वीसेक अक्षरं धरा.

अक्षरांचा वरचा अर्धा मेमरीत ६०००० वर, खालचा ६०७६८ वर, प्रत्येकी ७६८ बाइट. आधी क्लिअर ५९९९९, म्हणजे बेसिक त्याच्या वर जात नाही. मग पोक २३६०६,९६ (पोक म्हणजे मेमरीत थेट आकडा ठेवणं) एकदाच. वरच्या अर्ध्याला पोक २३६०७,२३३ आणि खालच्याला २३६. ७६८ म्हणजे बरोबर ३ × २५६, म्हणून एकच बाइट बदलावा लागतो. इनपुटच्या आधी मूळ संच परत आणा: २३६०६ मध्ये ०, २३६०७ मध्ये ६०. नाहीतर टाइप केलेलं आणि चुकीचे संदेश दोन्ही वाचता येणार नाहीत.

मात्रा ओव्हर १ नं वर छापताना सांभाळा. ते एक्सॉर आहे, दोन्हीकडे ठिपका असला तर पुसतं. मात्रेच्या चित्रात शिरोरेषेची ओळ कोरी ठेवा, नाहीतर प्रत्येक ‘के’वर रेषा तुटेल. ऱ्हस्व वेलांटी मजकुरातच अक्षराआधी साठवा, चालताना जुळवाजुळव नको. अवतरणचिन्हाच्या जागी, कोड ३४, अक्षर ठेवू नका. स्ट्रिंग तिथेच संपते.

घोडबंदर_बेसिक:
मेमरीचं कारण साधं आहे, मजकूर दोनदा साठतोय. ६० × ४०० म्हणजे २४,००० बाइट अ‍ॅरेला, रिकाम्या जागाही भरून, आणि डेटातली प्रत वेगळीच. डिम काढून टाका. जागेत शिरताना रिस्टोअर १०००+१०*एन (एन म्हणजे जागेचा क्रमांक) करून डेटाची ती एकच ओळ वाचा. ती ओळ नसेल तर स्पेक्ट्रम चूक दाखवत नाही, पुढच्या ओळीचा डेटा देतो. तलावावर किल्ल्याचं वर्णन आलं तर तेच झालंय.

बेसिकमधल्या प्रत्येक आकड्यामागे ६ लपलेले बाइट असतात. १०० ला ९ लागतात, व्हॅल "१००" ला (व्हॅल स्ट्रिंगचा आकडा करतं) ६. शून्याला नॉट पाय फक्त २. फिरत्या लूपमध्ये व्हॅल वापरू नका, वेग पडतो. चार दिशांचे आकडे सुटे न लिहिता "०२००१७०५" अशा एका स्ट्रिंगमध्ये ठेवा.

पूर्ण पडद्याचं चित्र ६९१२ बाइट खातं. फार तर एक, तेही सुरुवातीचं, खेळ सुरू होईपर्यंत.

कोपरी_४८के:
डिम काढलं, साठही जागा बसल्या. कवाड केलं. आता किल्ल्यावरून पूर्वेला गेलं की ‘सी नॉन्सेन्स इन बेसिक’, बाकी सगळीकडे ठीक.

घोडबंदर_बेसिक:
किल्ल्याच्या स्ट्रिंगमध्ये पूर्वेच्या दोन जागा कोऱ्या राहिल्यात. कोऱ्या स्ट्रिंगवर व्हॅल हीच चूक देतं. वाट नसेल तिथे ००.

पारसिक_बोगदा:
खऱ्या यंत्रावर चालवाल तेव्हा अ‍ॅडॅप्टर तपासा: ९ व्होल्ट, १.४ अँपिअर, मधला टोक ऋण. बाजारातले बहुतेक मधे धन असतात, आतला पॉवरचा भाग जळतो. फोनवरून लोड करताना डब्ल्यूएव्ही फाइल घ्या, इक्वलायझर बंद, आवाज जवळजवळ पूर्ण. ‘आर टेप लोडिंग एरर’ आलं तर आधी आवाज थोडा कमी-जास्त करून पाहा.