टॅक्सपुरता अभिनेता: कायद्यात बसतं म्हणून चालतं का?

मास्तर_भुसावळ

परवा रावेरकडे मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली, एक जण मिरच्या-लसूण ठेचत बसलेला, आणि तेवढ्यात कोणीतरी सचिनचा टॅक्स काढला. भरीत गार झालं तरी भांडण गार होईना म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्वी इन्कम टॅक्समध्ये 80 आरआर म्हणून एक कलम होतं. लेखक, कलाकार, संगीतकार, अभिनेता, खेळाडू यांनी आपल्या पेशातून परदेशी चलन कमावलं की त्यातला काही हिस्सा उत्पन्नातून वजा. सचिनने आकारणी वर्ष 2003-04 साठी हे कलम जाहिरातींच्या पैशाला लावलं. ईएसपीएन स्टार, पेप्सी, व्हिसा मिळून 5 कोटी 92 लाख आले होते, त्यातले 1 कोटी 77 लाख वजा मागितले. अधिकारी म्हणाला अहो तुम्ही क्रिकेटर, जाहिरात हा तुमचा पेशा कसा? तर उत्तर गेलं की मी मॉडेल आहे, अभिनय करतो, आणि क्रिकेटचं म्हणाल तर मी व्यावसायिक क्रिकेटर नाहीच, ते पैसे 'इतर उत्पन्ना'त दाखवलेत. 2011 ला मुंबईच्या अपीलीय न्यायाधिकरणाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायलाही कला लागते, एका माणसाचे दोन पेशे असू शकतात, असं.

जिंकला, मान्य. चोरी केली असं मी म्हणतच नाहीये. पण 1998 ला शारजात वाळूचं वादळ आलं त्या रात्री आमच्या कॉलनीत एकाच घरी रंगीत टीव्ही होता, खिडकीत लोंबकळून आम्ही मॅच बघितली, शेजारचे काका बीपीची गोळी जिभेखाली धरून बसलेले. ते सगळं आम्ही कशासाठी केलं? 'इतर उत्पन्ना'साठी?

माझा पगार हातात यायच्या आधीच टॅक्स कापून येतो. मी कोणाला सांगू की साहेब शिक्षक हा माझा खरा पेशा नाही.

हिशेबनीस_जळगाव

मास्तर, वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून आधी आकडा दुरुस्त करतो. 1 कोटी 77 लाख हा वाचलेला टॅक्स नाही, ती उत्पन्नातून झालेली वजावट आहे. टॅक्स वाचला असेल पन्नास लाखाच्या वर थोडाफार. व्हॉट्सॲपवर फिरताना हे आकडे नेहमी फुगतात.

दुसरं, कलमात 'खेळाडू' शब्द होताच. अडचण अशी की जाहिरातीचे पैसे बॅट फिरवून आलेले नव्हते, म्हणून अभिनेता या शब्दाखाली मागणी केली. यात लबाडी काय आहे? परदेशी चलन देशात यावं म्हणून सरकारनेच ही सवलत दिली होती आणि सरकारनेच ती दरवर्षी कमी करत संपवली. ज्या वर्षी होती त्या वर्षी घेतली.

करचोरी वेगळी आणि कर नियोजन वेगळं. रोख घेऊन पावती न देणारा माणूस गुन्हेगार. कलम वाचून फॉर्म भरणारा माणूस नागरिक. दोघांना एका माळेत ओवू नका.

फुल्ल_फॅन_चाळीसगाव

शाहरुखने 92 कोटी भरले, फॉर्च्युन इंडियाने 2024 ला यादी छापली होती. मास्तर तुमच्या अख्ख्या तालुक्याने भरले का तेवढे?? मग बसा ना गप.

मास्तर_भुसावळ

फॅन भाऊ, 92 भरले चांगलंच केलं. पण किती भरले हा प्रश्नच नाही ना, किती लागत होते आणि त्यातले किती वळवले हा प्रश्न आहे. आमचा शिपाई टपरीवर रोज चहाचे पैसे देतो, त्याचा सत्कार करत नाही कोणी.

धुळ्याची_ताई

मला या मोठ्या लोकांचं काय ते कळत नाही, माझं सांगते. माझं रेसिपीचं छोटंसं चॅनल आहे, कळण्याची भाकरी, फुनके, शेवभाजी असलं टाकते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने ओव्हन पाठवला, 24 हजाराचा. मी आनंदात, सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं त्याला. मग कंपनीचा मेल की फुकट वस्तू 20 हजाराच्या वर गेली की 10 टक्के टीडीएस भरावा लागतो, 2022 च्या जुलैपासून नियम आहे, तर 2400 आधी भरा नाहीतर ओव्हन परत. माझा भाचा म्हणाला आत्या आता तू सेलिब्रिटी झालीस.

भरले मी. राग पैशाचा नाही आला. पण ओव्हनपर्यंत पोचणारा कायदा त्या बंगल्यांपर्यंत जाताना कसा थकतो, याचा आला. आणि मोबाईलचं रिचार्ज मारलं की 18 टक्के जीएसटी, तो मी पण भरते आणि ते पण, सारखाच. तिथे नाही कोणी म्हणत की मी खरी अभिनेत्री आहे, मला सोडा.

बागायतदार_चोपडा

आता थोड्या वेळात कोणीतरी म्हणेल की शेतकरी तर टॅक्सच भरत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

हो, शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, 1961 च्या कायद्यात कलम 10(1). पण त्याचा फायदा मला किती? माझी केळी काढली, बोर्डावर एक भाव, बांधावर व्यापारी दुसरा देतो, ट्रक भरला की चिठ्ठी हातात येते, त्यातून खत, ठिबक, मजुरी, औषध वजा करा आणि बघा माझ्याकडे टॅक्स लागण्याएवढं काही उरतं का. ज्या वर्षी सीएमव्ही रोग आला त्या वर्षी उभी बाग उपटून बांधावर टाकली, तेव्हा कोणी विचारायला आलं नव्हतं भो.

खरा फायदा तो घेतो ज्याला टॅक्स लागतो. शहरातला पैसेवाला कुठूनतरी सातबारा मिळवतो, महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून तर यांची सगळी धडपड शेतकरी व्हायची. मग चार आंब्याची झाडं आणि उत्पन्न दाखवायचं लाखांत. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2019 च्या अहवालात तेच लिहिलं होतं, शेती उत्पन्न म्हणून सूट दिलेल्या ज्या केसेस तपासल्या त्यात साडेबावीस टक्क्यांत पुरेशी कागदपत्रं न बघताच सूट दिली होती. आणि उद्या सरकारने ही सूट काढली तर मरेल कोण? फार्महाऊसवाला नाही मरणार, त्याच्याकडे हिशेबनीस साहेबांसारखे बसलेलेच आहेत.

मास्तरांचा मुद्दा मला पटतो पण मास्तरांना एक विचारतो, राग नका मानू. फेब्रुवारीत तुमच्या स्टाफरूममध्ये टॅक्सची सूट मिळवायला घरभाड्याच्या पावत्यांचा जो मेळा भरतो, त्यात तुम्ही कुठे उभे असता?

फुल्ल_फॅन_चाळीसगाव

😂😂😂 मास्तर गेले

हिशेबनीस_जळगाव

बागायतदार दादा, टोमणा पोचला. पण खोटं शेती उत्पन्न दाखवणं हे नियोजन नाही, ती सरळ चोरी आहे, माझ्याकडे असा माणूस आला तर मी चहा पाजून वाटेला लावतो.

नियोजन कसं असतं ते सांगतो. 5 कोटींच्या वर कमावणाऱ्या माणसाला नव्या पद्धतीत वरच्या रकमेवर 39 टक्के पडतात, जुन्या पद्धतीत पावणेत्रेचाळीस. तीच कमाई कंपनीच्या नावावर आली तर 2019 पासून 22 टक्क्यांचा दर आहे, अधिभार-उपकर धरून 25.17. म्हणून पुष्कळ कलाकारांची स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड असते, जाहिरातीचा करार कंपनी करते, आणि गाडी, मॅनेजर, स्टायलिस्ट हा सगळा कंपनीचा खर्च. पण त्याच कंपनीतून लाभांश घरी नेला की पुन्हा व्यक्तीचा टॅक्स लागतो, हे कोणी सांगत नाही. पैसा कंपनीत राहतो तोवरच फायदा.

आणि कायदा झोपलेलाही नसतो. पूर्वी शेअर किंवा घर विकून आलेला नफा दुसऱ्या घरात घातला की कितीही मोठा असला तरी सुटायचा, लोक त्यातून टॉवरमधले डुप्लेक्स घ्यायचे. 2023 च्या बजेटमध्ये त्याला 10 कोटींची मर्यादा आली. दुबईत राहतो म्हणून अनिवासी असं सांगणाऱ्यांसाठीही, इथलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल तर वर्षात भारतात किती दिवस राहिलात याचा 182 ऐवजी 120 दिवसांचा हिशोब आला.

धडगाव_ते_लीड्स

मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला, सध्या इंग्लंडमध्ये. इकडची गंमत सांगतो. जिमी कार म्हणून एक विनोदी कलाकार आहे, बँकवाल्यांच्या टॅक्सवर जोक करायचा. 2012 मध्ये बाहेर आलं की तो स्वतःच के-टू नावाच्या स्कीममध्ये आहे. स्कीम अशी की तुमची कमाई जर्सी बेटावरच्या ट्रस्टकडे जाते आणि ट्रस्ट तुम्हाला ती कर्ज म्हणून परत देतो. कर्ज हे उत्पन्न नाही, मग त्यावर टॅक्स कसला! आपल्याकडे सोसायटीचं कर्ज काढून झोप उडते आणि हा कर्ज काढून श्रीमंत.

स्कीम कायद्यात बसत होती. तरी पंतप्रधान कॅमेरॉन जाहीरपणे म्हणाले हे नैतिकदृष्ट्या चूक आहे. कारने माफी मागितली, स्कीम सोडली. मग चार वर्षांनी पनामा पेपर्स, म्हणजे परदेशी कंपन्यांची गुप्त कागदपत्रं, फुटले आणि कळलं की कॅमेरॉनच्या वडिलांनी उभारलेल्या परदेशी फंडात खुद्द कॅमेरॉनचे युनिट होते, पंतप्रधान व्हायच्या आधी, 2010 मध्ये विकलेले. ते पण कायदेशीरच.

तेव्हापासून मी ठरवलंय, नैतिकतेवर बोलणाऱ्याला आधी वडील काय करतात ते विचारायचं.

अमयनेरकर

मास्तर, तुमनं म्हननं माले पटनं, पन मना आजानी गोष्ट आयका.

मराठीतच लिहितो सगळ्यांसाठी. विप्रो आमच्या अमळनेरात 1945 ला सुरू झाली, तेव्हा वनस्पती तूप करायची, कॉम्प्युटर नंतर आले. गावात कित्येक घरी त्या काळचे शेअर, आमच्याही. आजा कधी विकायचा नाही. शेवटी 2012 ला बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबला थोडे विकले. आलेल्या रकमेवर टॅक्स किती? शून्य. ऑक्टोबर 2004 ते मार्च 2018 लिस्टेड शेअर वर्षभर ठेवून बाजारात विकले की नफा पूर्ण माफ होता. त्याच वर्षी आमचा चुलता एसटीत कंडक्टर, ओव्हरटाइमवर टॅक्स कापून घेत होता.

गावात आजाला कोणी म्हणालं नाही की आबा हे नैतिक नाही. उलट पेढे खाल्ले. मग सचिनलाच का बोलायचं? त्याने शून्य तर नव्हता ना केला.

मास्तर_भुसावळ

सगळ्यांचं वाचलं. पावत्यांचं आधी सांगून टाकतो. हो, मी आईच्या नावावर असलेल्या घरात राहतो आणि आईला भाडं देतो, पावती फेब्रुवारीत करतो, रेव्हेन्यू तिकीट लावून. भाडं खरंच देतो, बँकेतून. पण खरं सांगायचं तर ते पैसे फिरून माझ्याच किराण्यात येतात. तेव्हा मी काही सोवळ्यात नाही.

तरी अमयनेरकर, तुझ्या आजात आणि सचिनमध्ये मला फरक दिसतो. तुझ्या आजाने कधी गावाला सांगितलं नाही की मी देशासाठी शेअर घेतले. ज्या माणसाची किंमतच मुळी आमच्या प्रेमातून झालीये, पेप्सीने त्याला घेतला तो चेहऱ्यासाठी नाही घेतला, आम्ही खिडकीत लोंबकळत होतो म्हणून घेतला, त्याने त्या प्रेमाला कागदावर 'इतर' म्हणावं हे मला टोचतं. कायद्याने नाही, मनाने. फेरारीच्या वेळीही तेच. बक्षीस मिळालेल्या गाडीची कोटीभराची कस्टम ड्युटी सरकारने माफ केली, लोकांनी आरडाओरडा केल्यावर शेवटी फियाटने ती भरली. त्याने बॅटने आमचं काही कमी केलं नाही, पण तेव्हा वाटलं होतं स्वतःहून म्हणायला हवं होतं, नको मला माफी.

हिशेबनीस साहेब, 1985 ला मॅकडॉवेल केसमध्ये सुप्रीम कोर्टच म्हणालं होतं ना की दिखाऊ क्लृप्त्या म्हणजे नियोजन नव्हे?

हिशेबनीस_जळगाव

म्हणालं होतं. आणि 2003 ला मॉरिशसच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की कायद्याला धरून केलेली रचना केवळ टॅक्स वाचतो म्हणून बेकायदा होत नाही. मग 2017 पासून गार (GAAR, टॅक्स टाळण्याविरुद्धचा नियम) आलं, म्हणजे ज्या व्यवहाराला टॅक्स वाचवण्यापलीकडे अर्थच नाही तो आयकर खातं मोडीत काढू शकतं. पण टॅक्सचा फायदा 3 कोटींच्या वर असेल तरच. त्या मापात सचिनची ती केस बसलीच नसती, तुमची पावती तर नाहीच नाही.

प्रेमाचं म्हणाल तर त्याचा कॉलम रिटर्नमध्ये नाही मास्तर. मला तुमचं दुःख कळतं, मीपण त्या रात्री जागा होतो. पण मी ज्याचा फॉर्म भरतो त्याला "साहेब लोक तुमच्यावर प्रेम करतात, थोडा जास्त भरा" असं म्हणालो तर तो दुसरा सीए बघेल.

धुळ्याची_ताई

मग म्हणून तर बघा एकदा. ओव्हनवाल्यांनी मला म्हटलंच की.

अमयनेरकर

साहेब, आजाना थोडा शेअर अजून शेतस. आते मी इकसू ते कितला टॅक्स लागी?

हिशेबनीस_जळगाव

वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्यापर्यंत शून्य, पुढे साडेबारा टक्के. 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदीचा भाव म्हणून धरता येतो, त्यामुळे दिसतो तेवढा नफा निघणार नाही. बायकोच्या नावावर करून विकू नका, तो नफा तुमच्यातच मोजतात. आईला बक्षीस दिले तर मात्र तिचा नफा तिचाच, तिची सव्वा लाखाची सूट वेगळी. बाकी कागद घेऊन ऑफिसात या. फी लागेल, जीएसटी वेगळा.

मास्तर_भुसावळ

हे आईचं नक्की ना साहेब? सहज विचारतोय.