सोर्स टारबॉल कशात द्यावा? जीझेड, एक्सझेड की झेडस्टँडर्ड

अनुस्वार_गायब
मंडळी, जुन्या डीटीपी फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून देणारं एक छोटं टूल सी मध्ये लिहिलंय, सोबत शब्दयादी आहे त्यामुळे सोर्स जरा जाड झालाय. पहिलं रीलीज काढायचंय आणि गाडी पॅकिंगवरच अडलीये, म्हणजे सोर्सच्या सगळ्या फाईली एकत्र बांधलेला टारबॉल कशाने दाबायचा. जीझेड मोठं होतं, एक्सझेड बरंच लहान होतं पण २०२४ च्या त्या बॅकडोअरच्या (चोरदरवाजाच्या) भानगडीनंतर नाव काढलं तरी लोक नाक मुरडतात, आणि झेडस्टँडर्ड सगळीकडे उघडतं का कोण जाणे. वापरणारे दोन जातीचे, लिनक्सवाले आणि प्रेसमधले विंडोजवाले. तुम्ही काय देता?

रूट_नाही_सुडो
झेडस्टँडर्ड दे आणि मोकळा हो. आर्च लिनक्सवाल्यांनी २०१९ संपता संपता सगळी पॅकेजेस एक्सझेडवरून त्यावर नेली, एकूण साईझ वाढली फक्त ०.८ टक्के आणि उघडायचा स्पीड त्यांच्याच हिशोबाने १३०० टक्क्यांनी वाढला. फेडोरा ३१ लिनक्स तिकडेच, उबुंटू २१.१० पण. अजून काय पाहिजे

मेक_क्लीन
अरे पण ती बायनरी, म्हणजे तयार कंपाईल केलेली पॅकेजेस आहेत, प्रत्येक अपडेटला प्रत्येक मशीनवर उघडतात म्हणून तिथे स्पीडला किंमत. याचा सोर्स कुठलातरी पॅकेजर एकदा उघडणार, दोन सेकंद वाचवून काय लोणचं घालायचंय? उलट जीएनयू टारला, म्हणजे लिनक्सवर टारबॉल उघडायच्या टूलला, झेडस्टँडर्ड कळायला लागलं १.३१ पासून, म्हणजे २०१९. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर टार १.२६ आहे आणि असे सर्व्हर अजून कोपऱ्यात चालू असतात, विचारू नका कुठे.

जीझेड ठेव, वाटलं तर जोडीला एक्सझेड. लिनक्स कर्नलच्या कर्नल डॉट ऑर्गवर हेच दोन मिळतात, बीझिप२ हा तिसरा प्रकार त्यांनी २०१३ च्या शेवटी बंद केलं. त्यांची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे, डिजिटल सही दाबलेल्या फाईलवर नाही तर आतल्या उघड्या टारवर करतात, त्यामुळे एकच सही दोन्हीला चालते.

आणि एक्सझेडच्या भानगडीत फॉरमॅटचा काय दोष? ५.६.० आणि ५.६.१ च्या लायब्ररीत बॅकडोअर घातला होता, आणि तो चालू करणारी बिल्डची फाईल गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) नव्हतीच, फक्त रीलीजच्या टारबॉलमध्ये होती. दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड खोदत बसला म्हणून सापडलं, नाहीतर बसलो असतो सगळे. तेव्हा टारबॉल हाताने बनवू नकोस, गिटच्या टॅगवरून (रीलीजच्या खुणेवरून) स्क्रिप्टने बनव.

अनुस्वार_गायब
मग गिटहब साईट टॅगवरून आपोआप बनवतं त्याचीच लिंक देऊ का? काम संपलं.

मेक_क्लीन
नको!! जानेवारी २०२३ मध्ये गिटच्या नव्या व्हर्जनने बाहेरचा जीझिप (जीझेड बनवणारं टूल) सोडून स्वतःच दाबायला सुरुवात केली, गिटहबने ते चढवलं आणि आतल्या फाईली त्याच असून चेकसम (फाईल तीच आहे का ते तपासायचे आकडे) बदलले, चेकसम लिहून ठेवलेली लोकांची बिल्ड्स धडाधड पडली. लगेच मागे घ्यावं लागलं त्यांना. स्वतः एकदा बनव, अपलोड कर, पुन्हा हात लावू नकोस. टारला फाईली नावाने लावायला सांग, तारीख शेवटच्या कमिटची (गिटमधल्या शेवटच्या बदलाची), मालक शून्य, आणि जीझिपला मायनस एन दे म्हणजे वेळ आणि नाव आत जात नाही. मग दुसऱ्याने बनवलं तरी चेकसम तोच यायला हवा, फक्त जीझिप तेच पाहिजे.

छापखाना_रात्रपाळी
प्रेसवाल्यांना टारबॉल दिलात तर फोन तुम्हालाच येणार आहे हे लक्षात घ्या. आमच्याकडे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेली विंडोज ७ ची मशीनं आहेत, टार थेट फोल्डरसारखं उघडणं विंडोज ११ मध्ये आलं ते पण २०२३ ला. तयार ईएक्सई झिपमध्ये द्या, बास. फक्त झिपमधल्या फाईलींची नावं मराठीत ठेवू नका हो, जुन्या विंडोजवर उघडलं की नावांचा नुसता कचरा होतो आणि मग कुठली फाईल कुठली कळत नाही.

रूट_नाही_सुडो
बरं, सोर्सला जीझेड, मान्य. पण शब्दयादीला तरी एक्सझेड लाव ना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाईट लागतात आणि त्यातले पहिले दोन जवळपास तेच ते, दाबायला मस्त माल आहे.

अनुस्वार_गायब
यादी तशीही दर रीलीजला बदलत नाही, तिचा वेगळा टारबॉल एक्सझेडमध्ये करतो, सोर्स जीझेड, विंडोजला झिप. नावं इंग्रजीत करायला बसतो आता, ‘जोडाक्षरे_अपवाद’ ला काय म्हणू सुचवा कोणीतरी