सुरीच्या पात्यावरची नकली 'दमास्कस' नक्षी घालवायची आहे. मदत हवी!

नमस्कार मंडळी,

आतेभावाने दिवाळीत आठ इंची सुरी भेट दिली. धार झकास, मूठ हातात छान बसते. तक्रार फक्त पात्याची. दोन्ही बाजूंनी लाटालाटांची काळपट नक्षी, वर मुठीजवळ एक ड्रॅगन. (तो बघून सासूबाई नैवेद्याची काकडी या सुरीने चिरू देत नाहीत, तो भाग वेगळा.) बीट चिरलं की ड्रॅगनच्या खवल्यांत लाल रंग अडकून बसतो आणि घासणीने काही केल्या निघत नाही. लाटांवरही मध्येमध्ये तांबूस ठिपके यायला लागलेत, बाकीचं पातं मात्र स्वच्छ आहे.

नक्षी खरी नाही हे नक्की. खऱ्या प्रकारात पोलादाचे थर एकावर एक जोडलेले असतात, त्यामुळे पाठीवरही (धारेच्या विरुद्ध कडेवर) त्यांच्या रेषा दिसतात. माझ्या सुरीची पाठ कोरी आहे आणि दोन्ही बाजूंच्या लाटा तंतोतंत सारख्या. लेसरचं काम. खोक्यावर 'हाय कार्बन स्टेनलेस' एवढंच लिहिलंय.

लाटांवरून नख फिरवलं तर काही लागत नाही, ड्रॅगनच्या रेषा मात्र खरखरीत लागतात. टाचेकडच्या (धारेच्या मुठीजवळच्या टोकाच्या) कोपऱ्यात १००० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) साबणाच्या पाण्यात बुडवून घासून पाहिला. लाटा फिकट झाल्या, पण तेवढाच भाग ढगाळ दिसतोय. मला आरशासारखी चकाकी नको, साधं सरळ पातं हवंय. सुरुवात कोणत्या नंबरने करू? आणि ड्रॅगनचं काय? आमच्याकडे येणारा धारवाला म्हणतो, "ताई, चाकावर धरतो, दोन मिनिटांत साफ." द्यावी का त्याच्याकडे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, धारेसाठी खुशाल द्या, पण नक्षी काढायला चाकावर अजिबात नको. कोरड्या चाकावर पातळ पातं बघता बघता तापतं. धारेजवळ पिवळट किंवा निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच म्हणून समजा. मग कितीही धार लावा, टिकणार नाही. हातानेच करा.

लाटा वरच्यावर आहेत, ४०० ने सुरू केलंत तरी पुरे. पातं सपाट लाकडी फळीवर आडवं ठेवा, फळीच्या कडेला क्लॅम्प लावा, धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. पेपर बोटांनी दाबू नका, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटांखाली पेपर कुठे खोल तर कुठे उथळ घासला जातो. घासायचं मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने, पेपर सतत ओला ठेवून. ४०० चे ओरखडे सगळीकडे एकसारखे झाले की मगच ६०० घ्या. घाई केलीत तर आधीचा एखादा ओरखडा शेवटी नेमका उजेडात चमकतो. ६०० किंवा ८०० वर थांबा. स्वयंपाकघरातल्या सुरीला तेवढं फिनिश उत्तम.

ते ठिपके गंजाचेच. लेसरच्या उष्णतेने स्टेनलेसची वरची गंजरोधक कातडी बिघडते. नक्षी गेली की तोही त्रास जाईल.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पण ड्रॅगन हे वेगळं प्रकरण आहे. रेषा खोल आहेत, म्हणजे आजूबाजूचं पोलाद तितकंच खाली आणावं लागेल. फक्त ड्रॅगनवर घासत बसलात तर तिथे खळगा पडेल. २२० घेऊन मुठीपासून निम्म्या पात्यापर्यंत लांब हात फिरवा, मग ३२०, मग वरचा क्रम. दंडात दुखणार. माझं विचाराल तर रेषांचा काळेपणा जाईपर्यंत घासा आणि उरलेली पुसट आकृती राहू द्या. त्यापायी पातं पातळ करण्यात अर्थ नाही.

टेप काढताना पाठीकडून काढा. काम झाल्यावर पातं धुऊन लगेच कोरडं करा, पेपरची काळी राड मुठीच्या सांध्यात राहिली तर तिथे पाणी धरतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. ४००, ६०० आणि २२० आणले. टाचेकडचा ढगाळ भाग ४०० ने बाकीच्या पात्यात मिसळला, एका बाजूच्या लाटा पूर्ण गेल्या. ड्रॅगनची शेपटी संपली, डोकं अजून शाबूत आहे. आता ३२० मिळतोय का बघते, गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे नव्हता. २२० वरून थेट ४०० वर गेले तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल, फक्त ४०० वर दुप्पट वेळ द्या.