चर्चा: देशाचं स्वतःचं सर्च इंजिन पाहिजे का?

मोंढ्यावरचा (लातूर)
रशियाकडं यांडेक्स, चीनकडं बायडू, दक्षिण कोरियाकडं नेव्हर, एवढ्याशा चेक देशाकडं सेझ्नाम. आणि आपण आयटीवाल्यांचा देश म्हणवून घेतो, तरी सोयाबीन पिवळं का पडलं हे अमेरिकेतल्या कंपनीला विचारायचं. सरकारनं पैसा लावून देशी इंजिन उभं करावं, पहिल्या दिवसापासून मराठीसकट. पटत नसेल तर कारण सांगा, नुसतं हसू नका.

गोदाकाठ (नांदेड)
हसत नाही, पण पटतही नाही. बायडूचंच बघा. कॅन्सर झालेला एक विद्यार्थी तिथं शोधून एका दवाखान्यात पोचला. तो दवाखाना वर दिसत होता तो पैसे भरून. उपचार फसले आणि 2016 मध्ये पोरगं गेलं. बोभाटा झाल्यावर तिथल्या सरकारनं पानावरच्या जाहिरातींना 30 टक्क्यांची मर्यादा घातली. इंजिन स्वदेशीच होतं की! यांडेक्सच्या पहिल्या पानावरच्या बातम्यांत युक्रेन युद्धाचं काय दिसतं नि काय नाही यावरून टीका झाली, शेवटी 2022 मध्ये तो विभागच व्हीके या रशियन कंपनीला विकून मोकळे झाले. सरकारी पैशाचं इंजिन यापेक्षा वेगळं वागेल?

मोंढ्यावरचा
मग गूगल काय धुतल्या तांदळाचं आहे? ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्याच कोर्टानं म्हटलं, सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गानं टिकवली. फोनवर, ब्राउझरवर आधीपासून आपलंच इंजिन लावलेलं असावं म्हणून 2021 या एका वर्षात 26 अब्ज डॉलरहून जास्त वाटले. आपल्या स्पर्धा आयोगानंही 2022 मध्ये अँड्रॉइडवरून 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला.

कामून_बरं (परभणी)
मंग डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन वापरा की. भांडता कामून?

गोदाकाठ
त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंग या इंजिनाकडूनच येतात. 23 मे 2024 ला बिंग बंद पडलं, तर डकडकगो आणि इकोशिया नावाचं इंजिनही बंद पडलं. दुकानं वेगळी, माल एकाच ठोक व्यापाऱ्याचा.

शाळेतली बाई (अंबाजोगाई)
मोंढेवाले दादा, तुम्ही नेव्हरचं नाव घेतलं, पण ते चाललं कशामुळं? 1999 ला सुरू झालं तेव्हा वेबवर कोरियन मजकूरच थोडा होता. 2002 मध्ये त्यांनी प्रश्नोत्तरांची सेवा काढली. प्रश्न लोकांचे, उत्तरंही लोकांचीच. शोधावं असं काही त्यातून तयार झालं. मराठीत पिकांवरचं, आजारांवरचं, कायद्यावरचं किती सापडतं? जे आहे त्यातलं कितीतरी स्कॅन करून चिकटवलेलं, नाहीतर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात. ते इंजिन अमेरिकेचं असो की लातूरचं, अडखळणारच. शिवाय ‘विहीर’ शोधल्यावर ‘विहिरीत’, ‘विहिरीला’ लिहिलेली पानंही यायला हवीत. यांडेक्सनं 1997 ला रशियनसाठी ही मेहनत आधी केली, म्हणून लोक तिकडं गेले. पैसा लावायचाच तर आधी इथं लावा. माझ्या वर्गातली पोरं मराठीत प्रश्न विचारतात आणि हिंदी पानं वाचत बसतात.

मोंढ्यावरचा
ताई, मजकुराचं मान्य. पण आपण राबून लिहायचं आणि त्यांच्याच दारात नेऊन ओतायचं? आता तर वरच एआयचं तयार उत्तर येतं, खालच्या पानावर जातंय कोण?

शाळेतली बाई
नाही लिहिलं तर एआय तरी कशावरून उत्तर देणार? दुसऱ्या भाषेतलंच मराठीत करून वाढणार, आणि त्यात आपल्या काळ्या रानाचं काही नसणार.

गोदाकाठ
आणि स्वतःचं असून भागत नाही. सेझ्नाम 1996 पासून आहे, तरी चेक लोक आज जास्त गूगलच वापरतात. जर्मनीत क्लिक्झनं स्वतःचं इंजिन बांधलं आणि 2020 मध्ये गाशा गुंडाळला.

मोंढ्यावरचा
आणि 2024 मध्ये इकोशिया नि क्वांट ही दोन युरोपातली इंजिनं एकत्र येऊन युरोपासाठी नव्यानं तेच बांधायला बसले, ते लिहिलं नाही तुम्ही! एक बुडालं म्हणून सगळ्यांनी थांबायचं का?

गोदाकाठ
त्या कंपन्या आहेत, सरकार नाही. आपल्याकडं एखादी कंपनी पुढं आली तर मी पहिला वापरीन. सरकारी निविदा निघाली तर नाही.