नोकरी गेली, बदलली, लाइनच सोडली... नाशिककरांनो, तुमचं काय झालं ते लिहा

सातपूरचा इन्स्पेक्टर :

वय ४३. सतरा वर्षं एकाच कंपनीत क्वालिटीला होतो. डिझेल पंपाला लागणारे बारके पार्ट, कंपनी बनवायची आणि मी मोजायचो. २०२० च्या १ एप्रिलला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, लागू झालं आणि जुन्या मेकॅनिकल पंपाचं काम आटत गेलं, आधी तिसरी शिफ्ट बंद, मग ओव्हरटाइम बंद, मग महिन्याला चार-चार दिवस ब्लॉक क्लोजर, म्हणजे कंपनीच बंद, आणि या दिवाळीनंतर सरळ हिशोबच हातात. भांडण वगैरे काही नाही, पैसे नीट दिले. ग्रॅच्युइटीचं गणित आमच्यातल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं म्हणून इथे लिहून ठेवतो: बेसिक अधिक डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. माझं बेसिक-डीए २६ हजार, म्हणजे वर्षाचे १५ हजार, सतरा वर्षांचे २ लाख ५५ हजार. आकडा बघून दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी घराचा हप्ता गेला.

बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं. आईला नाही. आईला सांगितलं की शिफ्ट बदलली, आता जनरल आहे. त्यामुळे ती रोज सकाळी डबा देते आणि मला तो घेऊन बाहेर पडावंच लागतं. मग अंबड, सातपूर, एकेका गेटवर बायोडाटा देत फिरतो. वॉचमन म्हणतो ठेवून जा. तो ड्रॉवर उघडतो तेव्हा आतला गठ्ठा दिसतो. डबा मी पपया नर्सरीच्या जवळ झाडाखाली गाडीवर बसून खातो, ओळखीचं कोणी दिसलं तर हेल्मेट घालतो.

आत्तापर्यंत तीन इंटरव्ह्यू झाले. तिसऱ्यात पोरगा असेल सव्वीस-सत्तावीसचा, सारखा मला सर म्हणत होता, तेच जास्त लागलं. त्याने एक बुश हातात दिला आणि व्हर्नियर सरकवला. मी बुश बोटात फिरवला आणि मोजायच्या आधीच म्हणलं, आतल्या कडेला बर आहे, धातूची बारीक कुस, नखाला लागतोय. त्याने लाइटखाली धरून बघितलं, हसला, बरोबर सर म्हणाला. मग विचारलं, सीएमएमचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पार्ट मोजणाऱ्या मशीनचं, प्रोग्रामिंग येतं का. आमच्याकडे सीएमएमला वेगळा माणूस होता, मी पार्ट लावायचो आणि रिपोर्ट वाचायचो. तसं सांगितलं. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. फोन आला नाही.

तर ज्यांनी या वयात नोकरी शोधली किंवा लाइन बदलली त्यांनी खरं काय झालं ते लिहा. पॉझिटिव्ह राहा, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, असलं नको. ते फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फुलाच्या फोटोसकट येतं.

पासवाला :

दादा, माझी नोकरी २०१९ च्या मंदीत गेली, तेव्हा सगळ्या ऑटोवाल्यांचीच वाट लागली होती. नाशिकमध्ये सहा महिने शोधली, शेवटी मुंबईत मिळाली, फोर्टला, स्टोअर्स-परचेसची. घर इथलं, आईवडील इथले, तिकडे भाड्याने राहायचं तर उरणार काय, म्हणून पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. सकाळी पावणेसहाला घर सोडायचं, सातच्या सुमारास नाशिकरोडला गाडी, कसाऱ्याचा घाट, सीएसएमटीला पावणेअकरा वाजायचे. परतीची सव्वासहाची, घरी यायला सव्वादहा. ऑफिस किती तास? सात. प्रवास दिवसाला नऊ तास. लोक म्हणतात कसं जमतं. पासवाल्यांच्या डब्यात जमतं, तिथे माणसं आहेत, वाढदिवस होतात, कोणाची पोरगी बारावीला आहे ते सगळ्या डब्याला माहीत असतं, आणि खरं सांगू तर त्या डब्यातल्याच एकाने मला दुसरी नोकरी लावून दिली. पाठीचं मात्र वाटोळं झालं. मुलगा मला रविवारचे पप्पा म्हणायचा, गमतीने. आता कल्याणला आहे, दीड तास वाचला, त्यात झोपतो.

गोविंदनगर :

मी लिहिते. बी.कॉम. आहे, अकाउंट्सला होते, २०१४ ला सोडली. मुलगा झाला, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलगी, आणि मग कोरोना, असं करत नऊ वर्षं. मी घरी बसले तेव्हा व्हॅट होता, परत बाहेर पडले तर जीएसटी येऊन सहा वर्षं होऊन गेलेली. टॅलीसुद्धा मला आठवत होती ती राहिली नव्हती.

पहिल्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, नऊ वर्षं काय केलं? मी म्हणलं घर सांभाळलं. ते म्हणाले हो ते ठीक आहे, पण केलं काय? मला तेव्हा काहीच सुचलं नाही. खाली येऊन स्कूटी काढताना सगळी उत्तरं सुचली, सासऱ्यांच्या मेडिक्लेमची फाइल, तीन हॉस्पिटलांची बिलं, क्लेम बघणाऱ्या टीपीएवाल्यांशी केलेली भांडणं, पण पार्किंगमध्ये सुचून उपयोग काय.

शेवटी आमच्याच बिल्डिंगमधल्या सीए काकांकडे गेले, म्हणलं पैसे नको, शिकवा. तीन महिने फुकट, मग सहा हजार. सासूबाई म्हणाल्या सहा हजारांसाठी एवढी तडफड, त्यापेक्षा मी मागच्या उन्हाळ्यात पापडाचे जास्त कमावले. खरंच कमावले होते त्यांनी, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्याच महिन्यात घोळ घातला. एका पार्टीची सहा बिलं बी-टू-बीत (जीएसटी नंबरवाली गिऱ्हाइकं) टाकायच्या ऐवजी बी-टू-सीत (बिननंबरची साधी गिऱ्हाइकं) टाकून जीएसटीआर-१ हा विक्रीचा रिटर्न भरून टाकला. अकरा तारखेची घाई. मग चौदा तारखेनंतर त्या पार्टीच्या गिऱ्हाइकाचा फोन, आमच्या टू-बीत, खरेदीच्या यादीत, तुमची बिलं दिसत नाहीत, टॅक्सचं क्रेडिट कोण देणार, तुमचा बाप? मी पहिल्यांदाच ऑफिसात रडले, तेही जिन्यात. काकांनी फोन घेतला, पुढच्या महिन्यात दुरुस्त करून देतो म्हणाले, आणि मला म्हणाले आता ही चूक तू जन्मात करणार नाहीस, चहा घे. तेव्हापासून फाइल करायच्या आधी मी प्रत्येक बिलाचा जीएसटी नंबर बोट ठेवून वाचते, पंधरा अक्षरं-आकडे, अजूनही.

आता एका ट्रेडिंगवाल्याकडे आहे, १९ हजार. वीस तारखेला थ्री-बीच्या, म्हणजे टॅक्स भरायच्या रिटर्नच्या, दिवशी स्वयंपाक सासूबाई करतात, न सांगता. पापडाचं आता मी टॅलीत टाकून देते त्यांना, चाळीस टक्के नफा निघाला, मला वाटतं मीच चुकीच्या धंद्यात आहे.

निनावी :

वाचतेय. माझं अजून लिहिण्यासारखं झालेलं नाही. मुलाखती चालू आहेत.

तर्री कमी :

नाशिकमध्ये मिसळीचं हॉटेल टाकणारा मी पहिला नाही आणि शेवटचाही नाही. सहा वर्षं नोकरी केली, मेंटेनन्सला, कंटाळा आला, मित्र म्हणाला भो तुझ्या हातची मिसळ लोक पैसे देऊन खातील. पीएफ काढला सगळा. ही पहिली चूक, कारण ट्रान्सफर न करता पेन्शनचेही पैसे काढले की पेन्शनची सर्व्हिस शून्यावर येते आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात, हे मला नंतर कळलं.

गंगापूर रोडला गाळा घेतला. शनिवार-रविवार रांगा लागायच्या. पण सोमवार ते शुक्रवार? सकाळी नऊ ते अकरा गर्दी, नंतर माश्या. गाळ्याचं भाडं काही शनिवार-रविवार बघत नाही. १९ किलोचा सिलेंडर, मटकी भिजवलेली उरली की फेकायची, पाववाला रोख मागायचा, आणि एकदा कामाचा पोरगा गावी गेला तो आलाच नाही, मग मीच प्लेटा धुतल्या. चौदा महिन्यांत बंद केलं. कढया अजून माळ्यावर आहेत.

परत नोकरी शोधताना बायोडाटात काय लिहायचं हा प्रश्न. एकाने सांगितलं की चौदा महिने घरगुती अडचण लिही. मी तसं लिहून एक इंटरव्ह्यू दिला, खोटं नीट बोलताच येईना. पुढच्या वेळेला खरंच सांगितलं, हॉटेल टाकलं होतं, बुडालं. प्लँट हेड हसले, म्हणाले कुठे होतं रे, मी आलो असेन. रस्सा पातळ होता म्हणाले! नोकरी मिळाली तिथेच. पगार सोडताना होता त्यापेक्षा दोन हजार कमी.

एचआरमध्ये आहे :

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नऊ वर्षं अंबड-सिन्नर पट्ट्यात भरती करतोय.

इन्स्पेक्टर साहेब, गेटवर बायोडाटा देणं बंद करा. तो गठ्ठा कोणी उघडत नाही. चाळिशीच्या माणसाची जागा जाहिरातीत येतच नाही, ती सुपरवायझरच्या तोंडी असते. तुम्ही क्वालिटीला होतात ना, मग तुमच्याकडे कॅलिब्रेशनवाले येत असतील दरवर्षी गेज, मोजायची साधनं, तपासायला न्यायला. त्यांना फोन करा. टूल-इन्सर्ट विकणाऱ्यांना करा. कोणाकडे नवीन ऑर्डर आली, कोणाचा माणूस सोडून चाललाय, हे त्यांना आमच्या आधी कळतं कारण ते रोज आठ कंपन्यांत चहा पितात.

दुसरं, पगार फुगवून सांगू नका. आम्ही स्लिपा मागतो, पीएफचं पासबुक मागतो, तिथे सगळं दिसतं, आधीची नोकरी कधी सोडली ती तारीखसुद्धा. आणि पाच वर्षं भरायला चार-सहा महिने राहिले असतील तर कितीही डोकं फिरलं तरी राजीनामा टाकायच्या आधी ग्रॅच्युइटी बघा. माझ्या डोळ्यासमोर एकाने साडेचार वर्षांवर दिला, दोन हजार जास्त मिळतात म्हणून.

वयाचं विचाराल तर हो, वय बघतात. कागदावर कोणी लिहीत नाही. तरुण पोरगा स्वस्त पडतो आणि ऐकतो, एवढंच कारण आहे.

गोविंदनगर :

@एचआर, आणि नऊ वर्षांच्या गॅपला काय बघता तेही सांगा की.

एचआरमध्ये आहे :

ताई, लग्न झालंय का, मुलं किती, हे विचारू नये असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. विचारतात. मीही विचारलंय. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

फळा ते छत :

मी डी.एड. २०१० चा. आमच्या बॅचची गोष्ट महाराष्ट्रात कोणालाही विचारा. बाहेर पडलो आणि भरती बंद. टेट, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालो, मग २०१७ च्या डिसेंबरला अभियोग्यता चाचणी झाली, तीही दिली, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, मग याद्या. मार्क कमी पडले. मधल्या काळात खाजगी शाळेत शिकवलं, वर्षाला दहा महिन्यांचाच पगार, तोही सांगायला लाज वाटते एवढा. शिक्षणसेवकाचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार झालं ती बातमी मी दुसऱ्याच्या दुकानात झेरॉक्स काढताना वाचली.

आता सोलरवाल्याकडे आहे, पाथर्डी फाट्याला. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, आणि एकदम माणसं कमी पडायला लागली. मला वायर कळत नव्हती. मला कागद कळत होते आणि म्हातारी माणसं कळत होती. रिटायर झालेले काका विचारतात नेट मीटर म्हणजे काय, रात्री वीज कुठून येणार, पॅनलवर माकड बसलं तर? मी पाटी घेतल्यासारखा बिलाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावतो, ते सही करतात. मालक म्हणतो तुझ्यासारखा सेल्समन नाही. मी काही विकत नाही, मी शिकवतो, फक्त पोरं साठ-सत्तरीची आहेत. पहिल्यांदा छतावर चढलो तेव्हा पाय लटपटले होते हेही सांगतो, आता गोदावरीच्या पार पलीकडचं दिसतं तिथून, बरं वाटतं.

बाकी आई अजून पाहुण्यांना मास्तर आहे म्हणूनच सांगते.

हिंजवडीतून परत :

थोडक्यात लिहितो. आयटी, पुण्याला आठ वर्षं. कोरोनात नाशिकला आलो, घरून काम, सुख होतं. मग आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या असा मेल. पुणे-नाशिक सरळ रेल्वेमार्ग नाही हे सगळ्यांना माहीत आहेच, बसने पाच तास, चाकणला अडकलो तर सहा. चार महिने रविवारी रात्री निघून बुधवारी परत असं केलं. मग इथल्याच एका छोट्या कंपनीत आलो, पगार तीस टक्के कमी. नातेवाईक विचारतात तिकडून काढलं का रे? आधी समजावत बसायचो. आता हो म्हणतो.

सातपूरचा इन्स्पेक्टर :

सगळं वाचलं, दोनदा. पासवाले भाऊ, तुमचं वाचून माझ्या अंबड-सातपूरच्या फेऱ्या काहीच नाहीत असं वाटलं.

एचआर साहेब, शिव्या देणार नाही. कॅलिब्रेशनवाल्याला फोन केला. बारा वर्षं तो माणूस माझ्याकडे मायक्रोमीटर न्यायला यायचा आणि मी एकदाही त्याला ऑफिसात बसवलं नव्हतं, गेटपासशीच बोलणं. त्याने दोन दिवसांत सिन्नरकडच्या मुसळगावचा पत्ता दिला. स्विचगिअरचे, म्हणजे विजेच्या पॅनलचे, पार्ट बनवतात, इनकमिंग इन्स्पेक्शनला, बाहेरून आलेला माल तपासायला, माणूस पाहिजे. गाडीतून पॅनलमध्ये, पण मोजणं तेच. काल जाऊन आलो. ठेकेदाराच्या रोलवर सहा महिने, २४ हजार, मग बघू म्हणाले. आधी ३८ होता. सीएमएमचं विचारलं, मी नाही येत म्हणलं, ते म्हणाले मशीन रिकामं असतं दुपारी, बसा.

आईला काल रात्री सांगितलं. तिला माहीत होतं. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची तेव्हा हॉर्न द्यायची, तो दिवाळीपासून ऐकू येत नाही म्हणाली. मग डबा का देत होतीस विचारलं तर म्हणाली, फिरतोयस तर उपाशी कशाला.

हो सांगितलंय तिकडे. सोमवारपासून सातची शिफ्ट आहे. माझी गाडी जुनी आहे, रोज एवढं अंतर ओढेल असं वाटत नाही. सकाळी नाशिकहून मुसळगाव एमआयडीसीत कोणी जातं का? पेट्रोल निम्मं देईन.

निनावी :

माझे मिस्टर जातात. पावणेसहाला द्वारका, सर्कलच्या पुढे नाशिकरोडच्या बाजूला. हेल्मेट आणा.