मदत हवी आहे : .३२ एसीपीमध्ये गोळी आत सरकते

खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची काडतुसे परवान्याच्या चौकटीत राहून रीलोड करण्याचा, म्हणजे झाडलेली काडतुसे पुन्हा भरण्याचा, मला छंद आहे आणि सध्या .३२ एसीपी या छोट्या पिस्तुली काडतुसापाशी अडलो आहे. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) चढवून न झाडता बाहेर काढलेली काही काडतुसे कॅलिपरने मोजली, तर त्यांची एकूण लांबी आधीपेक्षा कमी भरते. म्हणजेच चेंबरमध्ये चढताना बसणाऱ्या धक्क्याने गोळी केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) आत ढकलली जाते. जेमतेम १७ मिलिमीटर लांबीच्या केसमध्ये जागा किंचित घटली तरी दाब बराच वाढतो, म्हणून अशी काडतुसे मी बाजूला काढून सुटी करतो. शिवाय काडतूस आखूड झाले की मॅगझिनमध्ये एकाच्या बुडाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकण्याचा धोका असतोच.

पातळ भिंतीच्या केसेसमध्ये हे अधिक दिसते. अशा वेळी क्रिंप (केसचे तोंड गोळीवर आवळणे) वाढवावा, की एक्स्पांडर प्लग (गोळी बसवण्यापूर्वी केसचे तोंड रुंदावणारा दांडा) थोडा कमी व्यासाचा घ्यावा? माझा कल प्लगकडे आहे, कारण गोळीला खरी पकड केसच्या भिंतीच्या ताणातून मिळते आणि जास्त क्रिंपने ती उलट सैल होऊ शकते. साइझिंग डायच (झाडलेली केस दाबून पुन्हा मूळ मापाची करणारा साचा) सैल असेल, तर ते नेमके कसे तपासावे, हेही जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.